फ्लॉपीतली बुरशी आणि युझनेटचं मरण

माटोळी (धागाकर्ता)

चवथ तोंडावर आली की पोटमाळा उपसायचा, हा आमच्या घरचा नेम. यंदा माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची, चौकट काढायला वर चढलो तर तिच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत अकरा फ्लॉप्या, साडेतीन इंची. लेबलांवर माझंच अक्षर, शाई पसरलेली: 'एससीआय मराठी, नोव्हें. ९६', 'आरएमआयएम, दीनानाथ', 'पाककृती (करून बघणे)', आणि एकीवर नुसतंच 'भांडण'. आमच्या गोव्यातल्या माशेलची दमट हवा तुम्हाला ठाऊक आहे. फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवून आतल्या चकतीकडे बघितलं तर पांढरे ठिपके, जुन्या लोणच्यावर येतात तसे.

मुलीने विचारलं, यात काय आहे? म्हटलं, युझनेट. ती म्हणाली, ते काय असतं? तिला सांगायला बसलो ते ताटातलं हुमण (माशाची आमटी) निवलं तरी संपेना. उरलेलं इथे ओततो.

१९९३ च्या ऑगस्टात मी शिकायला अमेरिकेत गेलो आणि ९७ च्या सुरुवातीला परत आलो. तिथे संगणकाच्या प्रयोगशाळेत रात्री 'टिन' नावाचा प्रोग्राम उघडायचा. चित्र नाही, रंग नाही, माऊस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. त्यात गटांची यादी. 'सॉक.कल्चर.इंडियन' (एससीआय) हा भारतीयांचा मोठा आखाडा, पुढे मराठीचा वेगळा गट. माझा जीव मात्र 'रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क' वर, ज्याला सगळे आरएमआयएम म्हणत. जुन्या हिंदी गाण्यांची तिथे हाडं मोजली जायची. गोव्याच्या माणसाला तिथे भाव होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही हिंदी चित्रपटसंगीतातली वादक-संयोजक मंडळी आपल्याकडची, आणि मंगेशकरांचं मंगेशी तर माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात. मी कधी मंगेशीच्या तळीत पाय बुडवले एवढं लिहिलं तरी चार जण उत्तर द्यायचे.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी: युझनेट म्हणजे वेबसाइट नव्हे. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी ते योजलं. ८० साली ड्यूक आणि शेजारचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ फोनच्या तारेवरून एकमेकांना निरोप पोचवू लागले, आणि मग विद्यापीठामागून विद्यापीठ त्यात ओवलं गेलं. मुख्य यंत्र असं कुठेच नाही. मी लिहिलेला लेख आधी माझ्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर, तिथून शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे. प्रत्येक लेखाला स्वतःचा क्रमांक, त्यामुळे 'हा माझ्याकडे आलाय' म्हणून पुढचा सर्व्हर तो नाकारू शकायचा. लेखाच्या डोक्यावर तो कुठून कुठून आला ती वाट लिहिलेली असायची. कधी कधी उत्तर आधी यायचं आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या.

नवा गट काढायचा तर मोठ्या शाखांमध्ये ('सॉक', 'रेक' वगैरे) आधी चर्चा, मग ईमेलने मतदान. विरोधापेक्षा निदान १०० मतं जास्त हवीत आणि एकूण मतांत दोन तृतीयांश होकार हवेत. आमच्या ग्रामसभेला इतका कोरम कधी जमलेला मी पाहिला नाही.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट: किलफाइल. एखादा माणूस डोक्यात जायला लागला की त्याचं नाव आपल्या किलफाइलमध्ये टाकायचं. तो ओरडत राहील, जग वाचत राहील, आपल्या पडद्यावर मात्र तो नाही. कुणा संपादकाकडे तक्रार नाही, त्याला हाकलणं नाही. माझ्या दाराची कडी माझ्या हातात.

मग हे मेलं कसं? माझं उत्तर तयार आहे: जाहिरातींनी मारलं. १२ एप्रिल १९९४. अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो गटांमध्ये टाकली. एकच लेख अनेक गटांना एकदम लावायची सोय होती. तसा लावला तर तो एकदा वाचल्यावर बाकीच्या गटांत पुन्हा दिसायचा नाही. यांनी प्रत्येक गटात वेगळा टाकला. त्या दिवशी मी ज्या गटात गेलो तिथे ते दोघे आधीच येऊन बसलेले. गाण्यांच्या गटात ग्रीन कार्ड, स्वयंपाकाच्या गटात ग्रीन कार्ड. आम्ही चिडलो, हसलो, शिव्या घातल्या. खरी भीती पुढे वाटली, जेव्हा कळलं की यावर कुणी काही करू शकत नाही.

तुमचं काय मत? आणि फ्लॉप्या वाचायची सोय कुणाकडे आहे का?

---

तिस्कावरचा

आधी एक काम करा. त्या फ्लॉप्या कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका! बुरशी लागलेली एक घातलीत की ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडून निघते. फोंड्याला माझं दुरुस्तीचं दुकान होतं, पावसाळ्यात हाच धंदा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, चकती हाताने फिरवत अलगद पुसायची. एका दमात सगळ्या नको. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे, घेऊन या.

बाकी चर्चा वाचतोय.

---

कॉलेजकट्टा१९

काका, म्हणजे हे रेडिटच ना? गट आहेत, धागे आहेत, भांडणं आहेत.

---

माटोळी

दिसायला तसंच. पण रेडिटला मालक आहे. उद्या त्याने कुलूप लावलं तर तुझा सगळा कट्टा कुलपाच्या आत. युझनेटला कुलूप लावायला दारच नव्हतं. एक सर्व्हर बंद पडला तर बाकीच्यांकडे प्रत असायचीच. तीही कायमची नव्हे म्हणा. जागा कमी, म्हणून बरेच सर्व्हर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुने लेख पुसून टाकत. आवडलेलं फ्लॉपीवर उतरवून घ्यायची सवय त्यातूनच लागली.

---

खाजनकार

माटोळीबाब, छान लिहिलंय, पण निदान चुकलंय. जाहिरात हा ताप होता, रोग दुसरा.

माझं शेत खाजनात आहे, म्हणून मला हे असं दिसतं. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीच्याही खालची जमीन. बांध आहे म्हणून ती शेत, नाहीतर खारं पाणी. बांधात मानस असते, तिची लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. हे सगळं गावकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायच्या, व्यवस्थेवर शेकडो वर्षं चाललं. मानशीवरच्या मासळीचा दरसाल लिलाव व्हायचा, बांधाच्या डागडुजीला माणसं ठरलेली असायची. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे जमीन कसणाऱ्याची झाली, ते न्याय्यच होतं. पण बांध कुणी बघायचा ते विस्कटलं. कुळांच्या संघटना कागदावर झाल्या. काही ठिकाणी चालल्या, बऱ्याच ठिकाणी बांधाला पडलेलं भोक 'तो बघेल' म्हणत राहून गेलं. खारं पाणी एकदा शेतात आलं की दोन-तीन पावसाळे भात विसरायचा.

युझनेटवर हेच झालं. तुम्ही म्हणता मालक नव्हता. खरं आहे. पण राबणारे होते. विद्यापीठातला कुणी तंत्रज्ञ पगार दुसऱ्या कामाचा घेऊन रात्री न्यूज सर्व्हर सांभाळायचा. दर वर्षी सप्टेंबरात नवे विद्यार्थी यायचे, धुडगूस घालायचे, जुने त्यांना रीत शिकवायचे, महिन्या-दोन महिन्यांत सगळं निवळायचं. १९९३ पासून व्यापारी सेवांनी आपल्या गिऱ्हाइकांना आत सोडायला सुरुवात केली, ९४ च्या सुरुवातीला एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेची फौज आली, आणि शिकवणारे कमी पडले. 'कधीच न संपलेला सप्टेंबर' हा शब्दप्रयोग तिथलाच.

म्हणजे ग्रीन कार्डवाले आले तेव्हा बांध आधीच भिजलेला होता.

(अवांतर: तुम्ही स्वतः ९३ च्या ऑगस्टात गेलात. म्हणजे त्या सप्टेंबरच्या धुडगुशीत तुम्हीही होतात की!)

---

माटोळी

होतो. पहिल्याच आठवड्यात संगणकाच्या गटात 'कृपया कुणी माझा गृहपाठ सोडवेल का' असं विचारलं होतं. जी उत्तरं आली ती मुलगी वाचेल म्हणून इथे लिहीत नाही.

---

सुरंगी

सगळे पुरुष मिळून बांध आणि कड्यांबद्दल बोलताय, म्हणून मी दुसऱ्या दारातून येते.

नवऱ्याच्या विद्यापीठाच्या खात्यावरून मी युझनेट वाचायची. वाचायचीच. लिहिलं तीनदा. तिसऱ्या वेळी बाईचं नाव बघून जी खासगी पत्रं आली त्यानंतर चौथ्यांदा लिहिलं नाही. किलफाइलचं कौतुक ठीक आहे, पण किलफाइल म्हणजे आपण कान झाकायचे. तो माणूस तिथेच, माझ्याबद्दल हवं ते लिहितोय, मला फक्त दिसत नाहीये. वाड्यावर कुणी आपल्या नावाने बोंब मारत असताना खिडकी लावून घेणं याला मी सुरक्षित म्हणत नाही. वेबवरच्या कट्ट्यांवर पहिल्यांदा मला कुणीतरी जबाबदार माणूस दिसला, ज्याला सांगितलं की तो प्रतिसाद उडवायचा. आणि स्वतःचं चुकलेलं वाक्य मागाहून दुरुस्त करता यायचं! युझनेटवर लेख गेला की गेला. रद्द करायचा संदेश होता, पण काही सर्व्हर तो मानत, काही मानत नसत, आणि दुसऱ्याच्या नावाने खोटा रद्दसंदेशही पाठवता येई.

पण हेही दुय्यम. मराठी माणसाने युझनेट सोडलं ते मराठीसाठी. तिथे रोमन अक्षरांशिवाय लिहायची सोय नव्हती. रोमन अक्षरांत देवनागरी नेमकी लिहायची अविनाश चोपडे यांची आयट्रान्स पद्धत होती, मोठ्या लिपीतला एन म्हणजे ण, मोठ्या लिपीतला एल म्हणजे ळ, ती पाळणारे गाण्यांच्या गटात बरेच. बाकी आपण सगळे मनाला येईल तसं खरडायचो. एकाने लिहिलं होतं, 'आमचा जुना वाडा विकायचा आहे, गोव्यात, चांगल्या स्थितीत.' रोमनमध्ये वाडा आणि वडा एकच. त्याला पहिलं उत्तर आलं, 'किती जुना? तळून किती दिवस झाले?' मग पुढचे तीस लेख वड्यावर. वाडा बिचारा राहिला बाजूला.

मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ ला आलं, पण तेव्हाही देवनागरी दिसायला फाँटच्या खटपटी होत्या. खरा फरक युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संकेतपद्धतीने, पाडला. २००४ ला मनोगत आलं, २००७ ला मिसळपाव. टंकखिडकीत रोमन कळा दाबायच्या आणि समोर मराठी उमटायचं. फक्त विंडोज एक्सपीवर आधी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' च्या चौकोनात बरोबरची खूण करावी लागे आणि ती केली की संगणक एक्सपीची सीडी मागायचा. आमच्याकडे सीडी कुठली? पणजीला भावाकडे होती. नवरा फेरीबोटीने बेतीहून पलीकडे जाऊन ती घेऊन आला. त्या संध्याकाळी मी पडद्यावर 'ळ' लिहिला. नुसता ळ, दहा वेळा.

माटोळीदादा, आम्हाला कुणी मारून बाहेर काढलं नाही. आम्ही ळ साठी गेलो.

---

तिस्कावरचा

ळ साठी +१. ती सीडी मी कित्येकांना उसनी दिली. तीनच परत आल्या.

---

फेरीबोट

सुरंगीताई, त्या फेरीत मीही असेन कदाचित.

मी १९९१ ते ९५ पवईच्या आयआयटीत. अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या नेटवर्कमुळे आमच्याकडे ईमेल आणि थोडेफार न्यूजग्रुप (युझनेटचे गट) होते. अर्नेट १९८६ ला सुरू झालं, पाच आयआयटी, बेंगळुरूचं आयआयएससी, मुंबईचं एनसीएसटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, एवढाच पसारा. देशाबाहेर जाणारी तार इतकी बारीक की सगळे गट मागवणं परवडायचं नाही, निवडक यायचे, तेही दमत दमत. बाहेरच्या सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडून, तेही आधी मोठ्या शहरांत. घरून जोडायचं तर दोन प्रकार: स्वस्तातलं शेल खातं, म्हणजे नुसती अक्षरं, आणि महागडं, ज्यात चित्रं दिसत.

आता गोव्यातून बघा. ९६ च्या सुमाराला आमच्या शेजारच्या घरी मुंबईला एसटीडी लावून जोडायचा प्रयोग चालायचा. मोडेम दोन मिनिटं किरकिरायचा, जोडणी लागली की घड्याळ सुरू, आणि कुणी दुसऱ्या खोलीत फोन उचलला की संपलं. अशा घड्याळाखाली वेबवर बसून चर्चा वाचायची कुणाची छाती? युझनेट किंवा ईमेल तरी एकदम उतरवून घेऊन फोन ठेवून वाचता यायचं. गोंयकारांनी म्हणूनच तिसरी वाट धरली. गोवानेट १९९४ ला सुरू झालं ते ईमेलच्या यादीच्या रूपात. आखातातला, टोरोंटोचा, लिस्बनचा, सगळ्यांच्या पेटीत तेच पत्र. भाषा इंग्रजी, मधूनमधून रोमी कोंकणी. युझनेट ज्या कारणांनी ओस पडलं त्यांतली निम्मी त्याला लागू नव्हती, कारण पत्र तुमच्याकडे चालत येतं आणि दारावर नियंत्रक बसलेला असतो.

माझं म्हणणं, बांध नव्हे, जाहिरात नव्हे, ळ सुद्धा नव्हे. युझनेट हिशेबात बुडालं. चर्चेचा मजकूर हलका, त्याला कितीशी जागा लागते? पण 'ऑल्ट' शाखेत लोक चित्रं, गाणी, सिनेमे अक्षरांत गुंडाळून टाकू लागले. सर्व्हर ठेवणाऱ्याला वाटा चर्चेचा आणि बोजा चोरीच्या सिनेमांचा. २००८ ला न्यूयॉर्कचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांच्या कार्यालयाला ८८ गटांत मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली. गट हजारो, त्यातले ८८. पण कंपन्यांना निमित्त मिळालं. स्प्रिंटने सगळी 'ऑल्ट' शाखा तोडली, टाइम वॉर्नर केबलने न्यूजग्रुपच बंद केले. जिथे हे जन्मलं त्या ड्यूकनेही २० मे २०१० ला आपला सर्व्हर बंद केला. वापर कमी आणि खर्च वाढता, एवढंच कारण.

आणि वेबवरच्या मंचाचा हिशेब? मंच चालवायचं पीएचपीबीबी हे सॉफ्टवेअर २००० ला आलं, फुकट. एका माणसाने महिन्याचं भाडं भरून जागा घ्यायची, सगळे तिथे. आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञाला विचारायची गरज नाही, १०० मतांची गरज नाही.

---

शुक्रवारचा_बाजार

सगळं कबूल, पण हा 'एका माणसाने भाडं भरायचं' वाला भाग सोडून पुढे जाऊ नका. तो एक माणूस कंटाळला की? म्हापशाच्या आम्हा पोरांचा एक फुटबॉलचा मंच होता, २००३ चा. पाच वर्षांच्या गप्पा, सामन्यांचे निकाल, गावच्या मैदानांचे फोटो. चालवणारा मुलगा जहाजावर गेला, डोमेनचे पैसे भरायचे राहिले. परत आला तेव्हा तिथे जपानी भाषेत औषधांची जाहिरात. एकाही पानाची प्रत कुणाकडे नाही. त्याला दोष देत नाही, तो आमच्यासाठी स्वतःच्या खिशातून भरत होता.

उलट युझनेटचं बघा. डेजान्यूज या वेबसाइटने १९९५ पासून लेख साठवायला घेतले, २००१ ला गूगलने ते विकत घेतलं, आणि त्याच वर्षी १९८१ पर्यंत मागे जाणारे लेख लोकांपुढे ठेवले. त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांचा मोठा वाटा हेन्री स्पेन्सर यांनी टोरोंटो विद्यापीठात जपलेल्या टेपांचा. लिनक्स या संगणकप्रणालीची पहिली घोषणा, २५ ऑगस्ट १९९१, 'कॉम्प.ओएस.मिनिक्स' वर, अजून वाचता येते. मालक नव्हता म्हणून कुणालाही प्रत ठेवता आली. आमच्या मंचाची प्रत मालकाशिवाय कुणाला ठेवता आली असती?

आणि मराठीचं म्हणाल तर गोव्यात मराठीला जी वागणूक मिळते त्याबद्दल कुणी बोलणार आहे का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात

---

संपादक

राजभाषेवरचा वरील प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्याला आलेली चार उत्तरं त्या विषयाच्या धाग्यात हलवली आहेत. चवथीआधी सगळ्यांनी गोड बोलावं ही विनंती.

---

खाजनकार

ही मानस. भरतीला आपोआप मिटली. युझनेटवर चाराची चारशे उत्तरं झाली असती आणि माटोळीबाबच्या फ्लॉप्या पुन्हा कुणाला आठवल्या नसत्या.

---

शुक्रवारचा_बाजार

मानस उघडणारा माणूस कोण आणि त्याला निवडलं कुणी, तेवढं सांगा. बाकी तिकडच्या धाग्यात भेटू.

---

कॉलेजकट्टा१९

आमच्या वर्गाचं सगळं डिस्कॉर्डवर चालतं. मागच्या वर्षीच्या मुलांनी एका प्रॅक्टिकलची अडचण सोडवली होती, मी गूगलवर शोधत बसलो दोन तास. आत गेल्याशिवाय सापडणारच नव्हती. काल कळलं. हे वाचून तोच राग आला.

ते युझनेट आता आहे का? की पूर्ण गेलं?

---

फेरीबोट

आहे. सर्व्हर चालू आहेत, काही फुकटचेही. तांत्रिक गटांत अजून माणसं दिसतात. गूगल ग्रुप्सने मात्र २२ फेब्रुवारी २०२४ पासून युझनेटवर लिहायची सोय काढून टाकली, जुनं वाचता येतं. त्यांच्याच दारातून येणाऱ्या जाहिरातींचा गटांना इतका उपद्रव होता की उरलेल्या मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला म्हणे.

---

सुरंगी

माटोळीदादा, फ्लॉप्यांचं काय झालं? 'पाककृती (करून बघणे)' मध्ये काय निघालं ते आधी सांगा.

---

माटोळी

तिस्कावरच्यांकडे जाऊन आलो, देव बरें करूं. त्यांनी दुपारभर कापसाच्या काड्या फिरवल्या. अकरातल्या तीन वाचल्या गेल्या. दीनानाथांची गेली, ती आतून खरवडलीच होती. पाककृतीवाली निघाली, त्यात अमेरिकन नारळाच्या डब्यातून सोलकढी करायच्या सात रीती आहेत आणि प्रत्येकीखाली बाकीच्या सहा कशा चूक ते.

भांडणवालीही निघाली. ते भांडण माझंच. ऑक्टोबर ९६, मराठी गटात. एक गृहस्थ, नाव देत नाही, आयट्रान्सचे कट्टर. मी बेशिस्त रोमनमध्ये लिहायचो आणि ते माझ्या प्रत्येक लेखाखाली माझे ळ आणि ण दुरुस्त करून टाकायचे, शाळेतल्या मास्तरांसारखे. तीन आठवडे आम्ही भांडलो. सुरंगीताई, तुमच्या वड्याचा विनोद मीही त्यांच्यावर मारला होता. शेवटी मी त्यांना किलफाइलमध्ये टाकलं आणि तसं जाहीर केलं. तशी पद्धत होती, 'टाकलं' म्हणून गटाला सांगायचं. त्यासाठी एक ठरलेला शब्द होता, 'प्लॉंक', तळाशी काहीतरी पडल्याचा आवाज.

तिसरी फ्लॉपी 'नोव्हें. ९६' ची. त्या महिन्यात माझा प्रबंध चालू होता. वाचायला वेळ नव्हता म्हणून दीडशेच्या आसपास लेख एकदम उतरवून घेतले होते. मग परतायची गडबड, आणि ते वाचायचे राहून गेले. काल रात्री वाचले.

तेव्हा वडिलांसाठी मी गटात एक विचारणा टाकली होती. मंगेशीच्या एका जत्रेत सत्तरच्या दशकात रात्रभर झालेलं गाणं त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून ऐकलं होतं. कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला होता हे त्यांना आठवत होतं. ती कॅसेट कुणाकडे आहे का, एवढंच. मला एकही उत्तर आलं नाही असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. वडील २००१ ला गेले.

फ्लॉपीत एका तिसऱ्याच माणसाचा लेख आहे. त्यात वरती, उत्तर देताना उतरवतात तशा, कोनाच्या खुणा लावलेल्या दोन ओळी. त्या मास्तरांच्या. शुद्ध आयट्रान्समध्ये, सगळे ळ जागच्या जागी. 'कॅसेट माझ्या मामाकडे आहे, प्रत काढून पाठवतो. यांनी मला किलफाइलमध्ये टाकलं आहे, तेव्हा कुणीतरी त्यांना कळवा आणि पत्ता विचारा.' खाली त्या तिसऱ्या माणसाने लिहिलंय, 'कळवतो.' बहुतेक त्यालाही वाटलं असेल की दुसरं कुणी कळवेल.

---

सुरंगी

दादा. त्यांचा ईमेल पत्ता लेखात असेल ना? सगळ्यांचा असायचा.

---

माटोळी

होता. विद्यापीठाचा. सकाळी लिहिलं. दहा मिनिटांत यंत्राचं उत्तर आलं, असं खातं नाही.

---

तिस्कावरचा

मामा कुठल्या गावचे ते लिहिलंय का त्यात?

---

माटोळी

दिलेल्या ओळींत नाही. पण 'भांडण' मध्ये एका ठिकाणी त्यांनी मला चिडून लिहिलंय की ळ कसा म्हणायचा ते प्रियोळला येऊन शिक. रविवारी जाऊन बघतो.